वस्तीतला लोटा

मार्थाक्कास प्रभूत सलाम.

आम्ही ठीक आहोत. आईचा खोकला थांबला का?

रविवारी हे मला अलीगंजमागच्या सफाईवाल्यांच्या वस्तीत सुवार्तेला घेऊन गेले. शोमरोनी बाईची गोष्ट मी मोडक्या हिंदीत सांगितली. येशूनं शिवून घेत नसत अशा परक्या बाईकडं पाणी मागितलं म्हटल्यावर एका म्हातारीनं लोटाच पुढं केला, "बहनजी, आप पियेंगी?"

कुणी बघतंय का म्हणून आधी मागं वळून पाहिलं गं. तरी प्याले.

बघितलंच कुणीतरी, नि घरमालकिणीला सांगितलं. आता ती जात विचारते, "कौन बिरादरी के हो?" नगरला आपल्याला ओंजळीत वरून पाणी ओतायचे, हे तिला सांगू? हे म्हणतात, खरं सांग. यांना काय जातंय!

उद्या सांगणार आहे. फार भ्यालेय. तू उत्तर चर्चच्या पत्त्यावर टाक.

तुझी धाकटी,
सुलभा