प्रत्येक ओळीला वेगळा आकडा

प्रिय धाकट्या,

परवा फोनवर तू विचारलंस, ताई, तू ऑफिसात दिवसभर करतेस तरी काय? मी विषय टाळला. आज नीट सांगते.

आमच्या हॉस्पिटलात हात थरथरण्यावरच्या नव्या औषधाची चाचणी आहे. काहींना खरी गोळी, काहींना अगदी तशीच दिसणारी, औषध नसलेली साधी. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही कळू द्यायचं नाही. म्हणून वाटणी डेटाबेसकडे. मी त्याला सांगितलं, प्रत्येक रुग्णाच्या ओळीसमोर शून्य ते एकमधला कुठलाही आकडा टाक. अर्ध्याच्या खाली आला तर खरी गोळी. खोट्या नावांवर चालवून पाहिलं, तर झाडून सगळ्यांना खरी. पुन्हा चालवलं, सगळ्यांना साधी. मी चक्रावले. आकडे उघडून पाहिले तर सगळ्या ओळींसमोर एकच. पठ्ठ्याने एकदाच आकडा काढला आणि तोच सगळ्यांच्या गळ्यात मारला. आमच्या विभागप्रमुख बाई हसल्या. म्हणाल्या, "तू आकडा मागितलास, त्याने दिला. प्रत्येकासाठी नवा काढ, असं कुठे म्हणालीस?"

मग प्रत्येक ओळीला आधी तिची स्वतःची खूण दिली आणि त्या खुणेवरून आकडा काढायला लावला. आता सरमिसळ झाली, पण मध्येच सलग सहा जणांना साधी. मला वाटलं, पुन्हा बिघडलं. बाई म्हणाल्या, "नशिबावर सोडलं की असंच येतं. एकाआड एक आलं तर संशय घे." मला ते इतकं आवडलं की घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी खोदून खोदून विचारलं. का, ते नंतर कळलं.

बाबांनी दुकानांच्या पाट्या रंगवणं सोडलं ते कंटाळून नव्हे. त्यांचा उजवा हात थरथरतो. तुला सांगायचं नाही, असं मला बजावलं होतं. या चाचणीत त्यांनी नाव दिलंय. कळलं त्याच दिवशी मी ते काम सोडलं; खरी वाटणी बाईंनी केली, मला ती दिसत नाही. साधी गोळी आली तर, असं मी त्यांना विचारलं. कप दोन्ही हातांनी धरत म्हणाले, "कुणाच्या तरी वाट्याला येणारच ना."

पहिली गोळी सोमवारी आहे. कुठली, हे कुणालाच विचारू नकोस. फक्त ये. मी बोलावलंय, हे त्यांना सांगितलेलं नाही. तू आपणहून आलास असंच त्यांना वाटू दे.

तुझीच,
ताई