सहाव्या पावलाचं उत्तर

नाना, आज वर्गात सुतळीने वर्तुळ काढलं आणि तीच सुतळी परिघावर पावलासारखी टाकत गेले. सहावं पाऊल बरोबर पहिल्या खुणेवर आलं. तीस वर्षं मुलींना हे दाखवतेय, तरी सहावं पाऊल अजून जपूनच टाकते.

मी तेव्हा सहावीत. लोणखेड्याच्या एका शेतकऱ्याच्या बैलगाडीचं चाक तुम्ही करायला घेतलेलं, कापसाची वेचणी तोंडावर आलेली. तुम्ही चाकावर चढवायची लोखंडी धाव पाहायला लोहाराकडे गेलात. मला बावीस सप्तमांशाचं नवंनवं वेड! चाकाचा घेर काढला, सहाने भागला आणि दोन वर्षं वाळवलेल्या बाभळीवर पट्टीने खुणा केल्या. शाळेतलं गणित म्हणून तुमच्या हाताखाली काम करणाऱ्या काकांनी बिनबोभाट करवत चालवली. घेराचे पाच तुकडे बसले, सहाव्याला जागा पुरेना. घेराची वाकडी लांबी मी सरळ पट्टीने आखली होती, म्हणून प्रत्येक तुकडा जरा लांब झाला होता.

काका लालबुंद झाले. तुम्ही दारात आलात तशी त्यांनी तोफ डागली, "आते बस व्हयनी शाळा! तिले घर बसाड." आपल्या गल्लीत माझ्याआधी चौथीपुढे एकही मुलगी गेली नव्हती. बाप म्हणून तुम्ही नुसती मान हलवली असती तरी माझी शाळा संपली असती. तुम्ही तुकडे हातात घेऊन उलटसुलट पाहिलेत. मग तुम्ही म्हणालात, "लाकूड मन्हं वाया गयं, पोर नई. सकाय ती शाळामा जाई."

नाना, पुढे मला जे जे मिळालं ते त्या एका वाक्यामुळे. तेव्हा मात्र मी नुसती रडत होते.

मग तुम्ही दोरी घेतलीत. चाकाच्या तुंब्याच्या ऐन मध्यापासून कडेपर्यंत जेवढी, तेवढीच कडेने टाकत गेलात. "चाक धाकलं ऱ्हावो का मोठं, सहाच पाऊल." प्रत्येक तुकड्यात दोन आरे, म्हणजे बारा. मी विचारलं, सहाच का? तुम्ही हसलात. "ते तू शाळामा शिकी ये, मंग माले सांग."

तेव्हापासून सहा दिसला की तुम्ही आठवता. मधाच्या पोळ्याची घरं सहा बाजूंची. अर्धा डझन केळी दोघांत वाटा की तिघांत, कापावं लागत नाही. एक, दोन, तीन यांची बेरीज करा नाहीतर गुणाकार, सहाच! लबाड आकडा आहे.

उत्तर असं आहे. दोरीच्या प्रत्येक पावलाने मध्याशी एक त्रिकोण होतो, त्याच्या तिन्ही बाजू सारख्या, म्हणून तिन्ही कोन साठ अंशांचे. पूर्ण फेरा तीनशे साठ अंशांचा. साठ सक तीनशे साठ. फट राहत नाही, काही उरत नाही.

हे मी धुळ्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला असताना शिकले. त्या दिवाळीला घरी आले तेव्हा तुम्ही रंधा बाजूला ठेवून विचारलंत, "मंग, सहाच का?" इतक्या वर्षांनी तुमच्या ध्यानात होतं. आणि मी, चार बुकं शिकलेली, म्हणाले, "नाना, तुम्हाला नाही कळायचं ते." तुम्ही "बरं" म्हणालात आणि पुन्हा रंधा हातात घेतलात.

आता तुम्ही नाही, हे पत्र कुठे धाडणार? सुतळीबरोबर खणात ठेवते. खरं सांगू, त्या दिवशी मला ते सोपं करून सांगता येत नव्हतं. न कळणारी मीच होते.