आठ बाटल्या

सोम. ३ नोव्हें.
रंगाची पावडर बनवणाऱ्या अमाईन प्लांटची सहामाही तपासणी. आठ माणसं, आठ बाटल्या. गेल्या वेळी मी लघवीचे नमुने मिळवायला प्लांटच्या दारात ठाण मांडून बसले होते. आज साडेनऊलाच त्या आठांतला बाळाराम स्वतः ट्रे घेऊन दवाखान्यात हजर. आठही बाटल्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. "सिस्टर, तुमचा तरास वाचवला." मी खूश. वर त्याला चहा पाजला. मूर्ख बाई.

पट्टी बुडवली. पहिल्या बाटलीत रक्त. डोळ्याला दिसत नाही, पट्टीला कळतं. दुसरीत रक्त. तिसरीत... आठच्या आठ. खुर्चीवर बसून राहिले. ही रंगाची पावडर मूत्राशयात जाऊन कॅन्सर करते, हे आठ वर्षं घसा कोरडा करून सांगतेय. पण आठही जण, एकदम?

मंगळ. ४
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कर्जतहून बसने येताना एकदम डोक्यात आलं. बाळारामची साखर! गेल्या आठवड्यात मीच तपासली, तीनशेच्या वर. इतकी साखर लघवीत उतरतेच. कालच्या त्याच्या पट्टीवर साखर शून्य.

आल्या आल्या आठही पट्ट्या ओळीने मांडल्या. सगळ्या तंतोतंत सारख्या. सख्ख्या भावांची लघवीसुद्धा इतकी सारखी नसते. बाटल्या आठ, माणूस एकच.

मॅनेजरकडे गेले. (यापुढे नुसतं मॅ. पूर्ण लिहिण्याइतका आदर उरलेला नाही.) ऐकून माणूस चक्क हसला. "म्हणजे आठही रिपोर्ट बाद! उत्तम. परत घ्या."
"आणि ज्याची आहे त्याला रक्त जातंय, त्याचं काय?"
"तो आपल्या तपासणीच्या यादीतला आहे का, ते आधी बघा."
डॉ. (मंगळवार-शुक्रवार, दोन-दोन तास) म्हणाले, "सिस्टर, तुम्ही फार मनावर घेता."

गुरु. ६
बाळारामला बोलावलं. आधी कानावर हात. मग, "सिस्टर, कशाला खोलात जाता? आमी परत देतो ना." भडकले. टेबलावर हात आपटला, लागला मलाच. म्हटलं, "अरे, ज्याची आहे तो मरेल रे! उशीर झाला तर मरेल!" त्याचा चेहरा उतरला. उठून गेला.

राग त्याचा येतो तसा येतही नाही. गेल्या तपासणीत दोघांच्या लघवीत रक्त निघालं, तर दोघांना प्लांटमधून काढून गेटवर बसवलं. औषध नाही, काही नाही. गावात बातमी आधी पोचली. एकाच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. आणि प्लांटमधली धूळ ओढणारा पंखा होता तसाच बंद. पावडर कमी करायची सोडून यांनी माणसं हलवली. मग पोरं बाटल्या बदलणार नाहीत तर काय करतील?

शुक्र. ७
बाळाराम जेवणाच्या सुट्टीत आला. दार लावून घेतलं. उभाच राहिला.
"गोविंदकाकांची हाय."

गोविंदकाका म्हणजे लाँड्रीतले. प्लांटमधल्या माणसांचे कपडे धुतात. "त्यांला तंबाखू नाय, दारू नाय. प्लांटमधी कधी पाय नाय ठेवला. आमी म्हटलं, सगळ्या कंपनीत त्यांच्याएवढं चोख कुणाचं हाय?" आणि रडायला लागला, एवढा बाप्या.



सोम. १०
लाँड्रीत गेले. आठ वर्षांत तिसऱ्यांदा असेन. दवाखान्यापासून चालत दोन मिनिटं. याची लाज वाटतेय, म्हणून इथे लिहून ठेवते.

मशीन वर्षभर बंद. काका हातानेच धुतात. ओव्हरऑल आले की आधी एकेक घेऊन भिंतीवर झटकतात, नाहीतर पाणी लवकर खराब होतं म्हणे. भिंत नारिंगी. हवा नारिंगी. पाय अनवाणी, नारिंगी पाण्यात. तोंडाला काही नाही. प्लांटमधल्या माणसाला निदान मास्क मिळतो. त्याने दिवसभर अंगावर घेतलेलं संध्याकाळी गोळा होऊन इथे येतं, आणि इथे हा एकटा. अठरा वर्षं.

मीच बनवलेली तपासणीची यादी. त्यात प्लांट होता, गोडाऊन होतं, ड्रायव्हरसुद्धा होते.

विचारलं, "काका, लघवीला लाल कधी दिसलं?"
"दिसतं ना मधून मधून. रंगच तो, बाई. घाम पुसला तरी टॉवेल रंगतो माझा. थुंकी रंगते. लघवीलाच तेवढं कशाला सोडील?"
"कधीपासून?"
"आता ते कुठं ध्यानात राहतंय? शेवंताची पोरगी झाली तवापासून असंल." शेवंता त्यांची सून. पोरगी आता पहिलीत आहे.

मंगळ. ११
मॅ. म्हणे, काका कॉन्ट्रॅक्टरचा माणूस, कंपनीचा नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणे, बाई, मी कपडे धुवायचं कंत्राट घेतलंय, माणसाच्या पोटाचं नाही. दोघांत सकाळभर टोलवाटोलवी. शेवटी मॅ. म्हणाला, लेखी द्या. लेखी दिलं. वाचून परत पाठवलं, 'कॅन्सर' शब्दाखाली पेनाने रेघ मारून. "हा शब्द नको. 'त्वचेचा व इतर त्रास' असं करा." केलं नाही. तसंच पुन्हा पाठवलं.

शुक्र. १४
काका पनवेलला तपासणीला जायला तयार नाहीत. भाताची झोडणी चाललीय. आणि दुसरं कारण, "मी गेलो तर पोरांचं बिंग फुटंल. माझ्यापायी आठ घरं कशाला?" यांना स्वतःचं काही कळतंय की नाही! मी ओरडले त्यांच्यावर. बापाच्या वयाचा माणूस. ते हसले नुसते. मग बाळारामलाच पाठवलं त्यांच्या घरी. त्याने काय सांगितलं कोण जाणे.

बुध. १९
गेले एकदाचे. बाळारामनेच रजा टाकून मोटारसायकलवर नेलं. दुर्बीण घालून बघितलं. आत गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवलाय. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? काका म्हणाले, धोबीकाम. त्यांनी कागदावर तेवढंच लिहिलं. कुठल्या कंपनीतलं, कसले कपडे, काही नाही. अरे देवा.

काकांची कंपनीत दुसरी नोंदच नाही. आता कंपनीला धरायचं तर त्या आठ बाटल्या काकांच्या होत्या, हे आठांनी लिहून द्यायला हवं. म्हणजे आठांनी फसवलं हेही लिहून द्यायला हवं. बाळारामने लगेच सही केली. बाकी सातजण दवाखान्याच्या बाजूने जायचं टाळतात. लांबून वळसा घालून कँटीनला जातात, मला खिडकीतून दिसतं.

सोम. २४
आठांचे खरे नमुने घेतले, यावेळी एकेकाला समोरच्या संडासात पाठवून. पट्टीवर सहा स्वच्छ. दोघांचं सांगता येत नाही, पनवेलच्या लॅबला पाठवलं. त्यातला एक बाळाराम. त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगायला हवं. उद्या.

बुध. २६
सांगितलं. म्हणाला, "बरं." आणि मग, "काकांचा रिपोर्ट आला का?"

नाही आला.

धुळीच्या पंख्याबद्दल पुन्हा विचारलं. मॅ. म्हणे, पार्ट मागवलाय. कुठून मागवलाय, चंद्रावरून?

मंगळ. २ डिसें.
काकांचा रिपोर्ट उद्या-परवा येईल म्हणाले. काका तीन दिवसांपासून घरीच. लाँड्री तेव्हापासून बंद, कपड्यांचा ढीग दारापर्यंत आलेला. आज मॅ. स्वतः दवाखान्यात आला. कधी येत नाही. आवाज एकदम मऊ. "सिस्टर, तुम्हीच म्हणत होता ना, त्या कुटुंबाचं काहीतरी बघा. बघितलं आम्ही. त्यांच्या घरातल्याच एकाला घेतोय."

दुपारी शेवंता आली. काठाची साडी नेसून, डोक्यावर पदर. हातात फॉर्म. कॉन्ट्रॅक्टरची नवीन कामगार, काम: लाँड्री. डॉ.ची सही आधीच होती. ते कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून गठ्ठाच ठेवतात. फक्त मी वजन, उंची, बीपी लिहायचं आणि 'कामास योग्य' यापुढे शिक्का मारायचा.

माझ्या पाया पडायला वाकली. "तुमच्यामुळं झालं, सिस्टर. मामांचं काम आमच्याच घरात राहिलं." सासऱ्याला मामा म्हणते ती.

म्हटलं, "शेवंता, तिथे काय असतं माहीत आहे का तुला?"
"कपडे ना? घरी धुतेच की मी."
"आणि मामांना काय झालंय ते?"
"मुतखडा. आमचा नेहमीचा खोपोलीचा डॉक्टर म्हणला." मग हळूच, "दुसरं काय हाय का?"

मी उत्तर दिलं नाही. रिपोर्ट नसताना काय सांगू? हे मी स्वतःलाच सांगितलेलं कारण आहे, लिहिताना कळतंय. वजन केलं, त्रेचाळीस किलो. उंची, बीपी. सगळं नॉर्मल. योग्यच आहे ती, शंभर टक्के योग्य. शिक्का हातात घेतला आणि ठेवला. म्हटलं, शाई संपलीय, उद्या ये.

"उद्या कामावरच येनार ना," ती म्हणाली. "सातला. कॉन्ट्रॅक्टरनं सांगितलंय, कागद मागाहून झाला तरी चालंल."

फॉर्म माझ्या पर्समध्ये आहे. मी शिक्का मारला नाही तरी ती सातला येणार आहे.