एकही चेंडू वाया नाही

५ मार्च, रविवार, सकाळी
आजपासून रोजनिशी. मोजणीची वही वेगळी, तिच्यात फक्त आकडे. पण माणसांच्या मूर्खपणाचीही कुठेतरी नोंद व्हायला हवी, आणि ती आकड्यांच्या रकान्यात मावत नाही.

कालचा फुटबॉलचा सामना. चिरंजीवांचे पास ५८. बरोबर ५७. चुकलेला एक, आणि तोसुद्धा समोरचा बुटाची नाडी बांधत होता म्हणून. म्हणजे अठ्ठ्याण्णव टक्के. आजच्या पेपरात दहापैकी पाच गुण. खाली शेरा, आठ नंबरही (म्हणजे चिरंजीव) मैदानावर होता. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. अठ्ठ्याण्णव टक्केवाल्याला कधी काठावर पास केलं नाही.

चिरंजीव एकतीस वर्षांचे. क्लबबरोबरचा करार मेअखेर संपतो.
संकल्प: तीन वर्षांचा नवा करार. एक दिवस कमी चालणार नाही.

७ मार्च, मंगळवार
चहा पिताना ह्यांनी विचारलं, मधल्या फळीतल्या खेळाडूचं नेमकं काम काय गं? मुलगा सतरा वर्षं तिथे खेळतोय आणि बाप आज विचारतोय! सांगितलं: मागच्यांकडून घ्यायचं, पुढच्यांना द्यायचं. घरातल्या बाईसारखं. गोल झाला तर नाव पुढच्याचं, अंगावर आला तर बोल मधल्याला. हे म्हणाले, पण आपला तर मागच्यालाच परत देतो.

मी म्हटलं, त्याला संस्कार म्हणतात. नऊ वर्षांचा असताना ह्याने एका महिन्यात तीन चेंडू शेजारच्या भिंतीपलीकडे घालवले. तिसऱ्या वेळी चेंडू सापडेपर्यंत मी घरात घेतलं नाही. दिवेलागणीला हातात चेंडू घेऊन आला. तेव्हापासून आजतागायत चेंडू घालवलेला नाही.
हे नुसतं हं म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

१२ मार्च, रविवार
काल एकसष्टाव्या मिनिटाला बाहेर काढलं! आठ आकड्याची लाल पाटी वर. तोवर ४४ पास, ४४ बरोबर. मी फक्त उभी राहिले आणि कोचला दोन शब्द विचारले. तिसऱ्या रांगेतून विचारलेलं मैदानापर्यंत ऐकू गेलं, हा माझ्या आवाजाचा दोष नाही, शिक्षिकेचा आवाज आहे. सूनबाई कॉफी आणते म्हणून उठल्या, त्या सामना संपल्यावर फाटकाबाहेर भेटल्या. कॉफी नव्हती. त्यांना खेळात रस नाही, हे मी साखरपुड्यालाच ओळखलं होतं.
संकल्प: सरावाच्या मैदानावर जायचं नाही. माझ्यासारखीने अशांच्या नादी लागू नये.

१५ मार्च, बुधवार
सरावाच्या मैदानावर गेले. वाटेतच होतं (दोन बस).

कोच म्हणजे पन्नाशीचा हाफपँटमधला गृहस्थ. गळ्यात शिट्टी. मी त्याला शिट्टीच म्हणते. शब्दसंग्रह एक शब्दाचा: पुढे! पुढे दे! अरे पुढे! गाडीवानालासुद्धा याहून जास्त शब्द लागतात. चिरंजीव चेंडू घेऊन निघाले होते, मान वर, पुढे दोघं मोकळे. मी जाळीपलीकडून हात केला. त्याने मला पाहिलं आणि लगेच चेंडू वळवून गोलकीपरला दिला. धोका शून्य. शिट्टीने कपाळाला हात लावला. गाढवाला गुळाची चव काय?

२६ मार्च, रविवार
चिरंजीवांच्या जागी शेंडी. म्हणजे केस वर बांधणारा तो नवा चोवीस वर्षांचा. ४० पास, १९ वाया. दोन प्रेक्षकांत, एक जाहिरातीच्या फळीवर. विसाव्या चेंडूला बोलाफुलाला गाठ पडली आणि गोल झाला, तर सगळं स्टेडियम नाचलं. साडेबावन्न टक्के! माझ्या वर्गात असता तर पालकांना बोलावलं असतं.

२ एप्रिल, रविवार
चिरंजीव पूर्ण वेळ बाकावर. मोसमाअखेरच्या महत्त्वाच्या सामन्यांसाठी त्यांना ताजं ठेवत आहेत. हे म्हणाले, अगं, बसवलाय त्याला. चाळीस वर्षं पेपर वाचून माणसाला एवढंच कळत असेल तर वर्गणी बंद केलेली बरी.
संकल्प: करार दोन वर्षांचाही चालेल. आपण अडून बसणाऱ्यांतले नाही.

७ एप्रिल, शुक्रवार
चिरंजीव सपत्नीक जेवायला. सूपमध्ये चमचा फिरवत म्हणाले, आई, उद्या घरी थांबशील का? मी विचारलं, का रे? तो सूनबाईंकडे बघायला लागला, सूनबाई मिठाच्या डबीकडे. मग म्हणाला, तुझे गुडघे. स्टेडियमच्या पायऱ्या.
किती काळजी! बरं म्हटलं. मोजणीची वही ह्यांच्याकडे दिली. रकाने तीनदा समजावले.

८ एप्रिल, शनिवार, संध्याकाळी
हे आले ते घसा बसवून. वही कोरी! विचारलं तर म्हणाले, अगं, शेवटची वीस मिनिटं आणलं त्याला, काय खेळला म्हणून सांगू! असा लांब चेंडू टाकला, असा, आणि हात फिरवून टेबलावरची बरणी पाडली. गोल झाला म्हणे. मोजलं का नाही? तर, टाळ्या वाजवत होतो, दोन हात कुठून आणू?

खोदून विचारल्यावर कळलं की वीस मिनिटांत निदान अकरा चेंडू वाया घालवले. अकरा! अख्ख्या मोसमात अकरा गेलेले नाहीत. म्हणजे मी एक शनिवार नसले तर ही अवस्था.
संकल्प: यापुढे एकही सामना चुकवायचा नाही. गुडघे गेले खड्ड्यात.

१६ एप्रिल, रविवार
काल पहिल्यापासून मैदानात. माझ्या दोन बस फळाला आल्या. मीही माझ्या जागेवर, तिसरी रांग, मधोमध, नजरेला नजर मिळेल अशी. ४१ पास, ४१ बरोबर. शंभर टक्के! प्रेक्षक शिट्ट्या मारत होते. हाफटाइमनंतर शेंडी आला. शंभर टक्के झाल्यावर पेपर काढूनच घेतात, एवढाच त्याचा अर्थ.
शिट्टीला भेटायची वेळ झाली आहे.

१९ एप्रिल, बुधवार
सतरा वर्षांच्या वह्या दोन पिशव्यांतून नेल्या. ह्यांनी पिशवी उचलायलासुद्धा मदत केली नाही. म्हणाले, तू जाऊ नयेस असं मला वाटतं. ह्यांना वाटतं!

शिट्टीबद्दलचं मत थोडं बदलावं लागेल. माणूस खुर्ची ओढून बसला, चष्मा लावला आणि तासभर वाचत राहिला. या वह्या आजवर कोणी उघडल्या नव्हत्या. मध्येच विचारलं, बाई, हे छोटे बाण कसले? सांगितलं, पासची दिशा. वर म्हणजे पुढे, खाली म्हणजे मागे. पानंच्या पानं खाली, म्हणाला. मी म्हटलं, म्हणूनच एकही चूक नाही. मग विचारलं, ही मधली काही पानं कोरी का? सांगितलं, त्या शनिवारी मी नव्हते. एकदा डोळ्याचं ऑपरेशन, दोनदा बहिणीकडे, असे सगळे मिळून नऊ सामने. त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवर ते नऊ सामने काढले आणि बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, यांतल्या सातांत त्याच्या पासवर गोल झालेत. मी म्हटलं, ज्यांची नोंद नाही ते धरायचे नसतात, हा गणिताचा साधा नियम आहे.

तो उठून उभा राहिला. म्हणाला, बाई, तुमच्यासारखी नजर क्लबमध्ये कोणाची नाही. आपले पुढचे प्रतिस्पर्धी शनिवारी दुसऱ्या गावात खेळतायत. तुम्ही तिथे जाऊन मोजाल?
क्लबचं काम. अधिकृत!

३० एप्रिल, रविवार
दुसरा शनिवार परगावी. जाऊन-येऊन सात तास. दोन्ही संघांची मोजणी, बाणांसकट, बंद पाकिटातून शिट्टीकडे. चिरंजीव म्हणे दोन्ही सामने पूर्ण वेळ खेळले. माझ्या अहवालांचा परिणाम दिसू लागला. शेंडी बाकावर.

१४ मे, रविवार
मोसमाचा शेवटचा शनिवारही परगावी. हे म्हणाले, आता पुढचा सामनाच नाही, तर प्रतिस्पर्धी कसला? मी म्हटलं, पुढच्या मोसमाची तयारी. याला दूरदृष्टी म्हणतात. हे हं म्हणाले. हल्ली फार हं म्हणतात.

२७ मे, शनिवार
करारावर सह्या. क्लबच्या ऑफिसात सगळे. मी ठेवणीतली साडी नेसले.

एक वर्षाचा. असो. एक तर एक.

खिडकीच्या फटीत काहीतरी कोंबलं होतं, झडप वाजू नये म्हणून. माझी चार पाकिटं. चारही बंद.

शिट्टीला विचारणार होते, तेवढ्यात मॅनेजरने कराराचं शेवटचं पान वाचलं. त्यात पेनने एक ओळ जोडलेली: सामन्याच्या दिवशी खेळाडूची आई मैदानावर येणार नाही. मी उठून शिट्टीला चांगलं सुनावलं. छत्तीस वर्षं माझ्या हाताखाली असे कितीतरी आले आणि गेले, आईला मुलापासून तोडणारा तू कोण, वगैरे. त्याने गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. ते बघून मला बरं वाटायला लागलं होतं.
तेव्हा चिरंजीव बुटांकडे बघत म्हणाले, आई, ती अट सरांची नाही. मी घातलीय.

पान हातात घेऊन पाहिलं. अक्षर माझ्याच वळणाचं. शुद्धलेखनाची चूक एकही नाही.

घरी येताना बसमध्ये हे माझ्या शेजारी बसले. हं म्हणाले नाहीत.

१२ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळी
मोसमाचा पहिला सामना. हे आणि सूनबाई गेले. मी कपाट आवरलं. रेडिओ लावायचा नाही असा संकल्प. लावला. समालोचक बाणांबद्दल काहीच सांगत नाहीत. बंद केला.

सहा वाजता फोन. चिरंजीव. मागे आरडाओरडा, दरवाजे आपटण्याचे आवाज. म्हणाला, आई, आज चौदा चेंडू घालवले! आणि हसला. हसू ओळखीचं वाटलं, पण कुठलं ते आठवेना. मग आठवलं. शेजारच्या त्या भिंतीच्या आधीचं.
म्हणाला, रागावलीस? मी विचारलं, जिंकलात का? म्हणाला, जिंकलो ना! मग कोणीतरी त्याला ओढून नेलं आणि फोन बंद झाला.

मोजणीची वही काढली. वाया: १४. एकूण पास विचारायचे राहिले, त्यामुळे टक्केवारी काढता येत नाही.