डोंगराची पाठ

४ जानेवारी २०२५

ती. लीलाक्कास, अमृतचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र दुधाच्या गाडीबरोबर. तक्रार गंभीर आहे. परवा तुमच्या वन समितीच्या बैठकीत वनपालसाहेबांना बशीसकट कप, तुझ्या दिराला स्टीलचा पेला आणि मला, शेजारच्या समितीच्या अध्यक्षाला, शिवाय सख्ख्या भावाला, बिनकानाचा कप! दोन बोटं भाजली. सही त्याच बोटांनी करायची असते, हे लक्षात असू दे.

डोंगर एकच. तोंड तुमच्या सातारा जिल्ह्यात, पाठ आमच्या सांगलीत. जमीन दोन्हीकडं वनखात्याची, राखण गावाची. रोपं एकाच रोपवाटिकेतली. तरी साहेब म्हणाले, लीलाबाईंकडे शंभरात ऐंशी झाडं जगली, आणि अमृतरावांकडे... पुढं नुसतेच खोकले. तो खोकला अजून माझ्या कानात आहे.

तुमच्या लागवडीच्या योजनेला आणखी पाच वर्षं मिळायची तर तुमची जगलेली झाडं मी मोजून पंचनाम्यावर सही करायची, असं ठरलं खरं. पण माझा चष्मा सांगलीच्या विश्रामबागेत दुरुस्तीला पडलाय. कधी येईल, सांगवत नाही.

तुझा भाजलेला भाऊ,
अमृत

९ जानेवारी

चि. अमृतास अनेक आशीर्वाद.

आरं, चष्मा नाकावर ठिवूनच लिवलंयस. वळी सरळ आल्यात. ल्हानपणी माज्या ताटातली भाकरी मोठी म्हणून रडायचास, तसाच हाईस.

तुजी झाडं शेरडांनी खाल्ली. मतं जातील म्हणून तू चराईबंदी केली न्हाईस. पयल्या वर्षी आमी सावडीनं तुज्या बाजूला चर खांदून दिलं, तेबी बुजू दिलंस. आठ बाया, आख्खा दीस, भाकरीबी आपापल्या घरची. तुमचं काम निघालं की आमी येतो, म्हणाला हुतास. म्या मागत न्हाई.

वीस तारखेला कागद गेला न्हाई तर बिरदेव राखणदाराचा पगार थांबंल, आन् शेरडं आमच्याबी बाजूला चढतील. सात वर्सं घागरीनं पाणी घातलंय रं. कानाचा कप घरात एकच हाय. तो पाव्हण्याला दिला. तू काय पाव्हणा हाईस व्हय?

माया हायच.
लीलाक्का

१८ जानेवारी

ती. अक्कास सा. न.

चष्मा सापडला, नाकावरच होता. काल तू साताऱ्याला गेली होतीस, तेव्हा बिरदेवला बरोबर घेऊन झाडं मोजली. जगलेल्या प्रत्येकाला चुन्याचा ठिपका. तुझ्या वहीत चौदाशे तीन आहेत. भरली चौदाशे बारा. तू कमी सांगतेस आणि झाडं जास्त निघतात, हे मला सोसत नाही. ती जास्तीची नऊ दाबून टाकायचा मोह झाला. पण त्यांतल्याच एका करंजाखाली बसून भाकरी खाल्ली होती. चौदाशे बाराच लिहिले. सही केली. कागद बिरदेवकडं आहे.

मी ग्रामसभेत चराईबंदीचा ठराव मांडतोय. तीन मतं पडतील, त्यांतलं एक माझं. पुढच्या वर्षी साहेबांना माझ्याकडं खोकू देणार नाही.

लोभ आहे तेवढा ठेव, कप मात्र बदल.

अमृत

ता. क. भाकरी घरून नेली होती. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत होतो. आम्ही आठ जण होतो.