कलघटगीच्या रस्त्यावर जाम झालेलं इंजिन

अप्पा, तुमचा खोकला आता कसा आहे? तिकडची हवा कोरडी असली तर बरं, धारवाडच्या पावसाळ्यानं तुम्हाला कधी सुख दिलं नाही. आईचे गुडघे काय म्हणतात, मांडी घालून बसता येतं का तिला? आत्याला ऐकू येतं, की अजून सगळे तिच्या कानाशी ओरडतात आणि ती हसून भलतंच उत्तर देते? इकडचं विचाराल तर ह्यांची साखर वरखाली असते, माझ्या कमरेला पट्टा आहे, आणि लेकीची तब्येत ठणठणीत असून तोंड एवढंसं झालेलं आहे. चार दिवस झाले, ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तिचं सांगायचंच आहे, पण आधी आपलं जुनं भांडण काढते. तुम्ही होता तेव्हा काढलं नाही, कारण तेव्हा मला माहीतच नव्हतं. कलघटगीच्या रस्त्यावर तुमच्या नव्या गाडीचं इंजिन जाम झालं ते माझ्या हातानं नव्हे, हे तुम्हाला त्याच आठवड्यात कळलं होतं. मग तुम्ही बोलला का नाहीत?

ती गाडी आली तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. मळमड्डीच्या गल्लीत चार-स्ट्रोकची मोटरसायकल पहिल्यांदा आपल्याच दारात आली. आई हळदकुंकू घेऊन उभी, तुम्ही कचेरीच्या इस्त्रीच्या शर्टात, आणि शेजारचे वकील पायरीवरून म्हणतात, "हेडक्लार्कसाहेब, आता स्कूटरवाल्यांना ओळख द्याल ना?" तुम्ही हसत नाही, तुम्ही वेगाच्या काट्यावर बोट ठेवून मला सांगता, "पोरी, पहिले हजार किलोमीटर इंजिन बाळंतिणीसारखं जपायचं. चाळीसच्या वर काटा गेला तर खाली उतरवीन." मला कलघटगीच्या हायस्कुलात नोकरी लागली होती. सकाळची बस शाळेची घंटा झाल्यावर पोचायची. आईनं नोकरी नकोच म्हटलं होतं, आणि तुम्ही जेवता जेवता ताटावरून मान वर न करता म्हणालात, "गाडी आहे की. हजारचं रनिंग होईतो मी चालवतो, मग ती नेईल." अप्पा, त्या एका वाक्यासाठी मी तुम्हाला देव मानलं असतं. मानलंच होतं. मैदानात तुम्ही मला गाडी शिकवलीत, मागं धावत, धोतर एका हातात धरून, आणि लोक बघत होते तरी थांबला नाहीत.

पण वीस वर्षं तुम्ही स्कूटर चालवलेली. स्कूटरच्या पेट्रोलात ऑईल ओतायचं असतं हे तुमच्या हाडात मुरलेलं. म्हणून प्रत्येक वेळी पंपावर तुम्ही खिशातलं ते मापाचं झाकण काढायचात, पेट्रोलात ऑईल मोजून घालायचात आणि टाकी हलवायला मला सांगायचात. मीच हलवायची. निळा धूर निघायचा. "नवी आहे, धूर काढणारच," असं तुम्ही वकिलांना सांगितलंत. खाली इंजिनाच्या पोटात वेगळं ऑईल असतं, ते पट्टीनं बघावं लागतं, नव्या इंजिनाच्या आतला लोखंडाचा चुरा त्यात उतरतो म्हणून पाचशेला ते काळं ऑईल काढून नवं भरावं लागतं, हे सगळं गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं. पुस्तिका तुम्ही देवाच्या पोथ्यांशेजारी ठेवलीत. तिची प्लॅस्टिकची पिशवी तुम्ही गेल्यावर मी फोडली.

नऊशे झाले तेव्हा तुम्ही मला गाडी दिलीत. शाळेत कागद द्यायचे होते. चाळीसनं गेले, अप्पा, चाळीसनं. मागून ट्रॅक्टर पुढं गेला, त्यावरच्या बायका मला हात करून हसल्या, तरी मी ॲक्सिलरेटरचा कान पिळला नाही. कलघटगी चार-पाच किलोमीटर राहिलं असेल, इंजिनातून करकर आली, मागचं चाक धरल्यासारखं झालं आणि गाडी फरफटत उभी राहिली. हात लावला तर पोळला. मी ती ढकलत गावात नेली. शाळेत पोचले तेव्हा माझा ड्रेस घामानं भिजलेला, हात ग्रीसचे, आणि मुख्याध्यापक माझ्याकडं न बघता कागदांकडं बघत होते.

संध्याकाळी तुम्ही टेम्पो घेऊन आलात. घरी अंगणात, वकील, आई, आत्या सगळे असताना म्हणालात, "बायकांच्या हातात यंत्र द्यायचं नसतं, हे मला वेळेवर कळलं नाही." बस्स. शिवी नाही, मार नाही. आईनं दुसऱ्या दिवशी शाळेला नकाराचं पत्र लिहवून घेतलं, तुमच्याच टेबलावर, तुमच्याच पेनानं. तुम्ही वर्तमानपत्र वाचत होता. पान उलटत नव्हता, एवढं मला आठवतं.

तुमच्या बाराव्याला मिस्त्री आला होता, तुमची गाडी दुरुस्त केलेला. केस पांढरे झालेले. जेवून हात धुताना मला म्हणाला, "अक्का, निम्देन तप्पिरलिल्लरी." तुमची काही चूक नव्हती. मग हळूहळू सांगितलं. इंजिन उघडलं तेव्हा खाली चमचाभर ऑईल, तेही काजळीसारखं. त्यानं तुम्हाला दुकानात बसवून सगळं दाखवलं. तुम्ही ऐकून घेतलंत, चहा प्यालात, आणि म्हणालात, "हे आपल्यातच राहू दे." त्याला वाटलं घरी तुम्ही स्वतः सांगाल. इतकी वर्षं त्यालाही ते खुपत होतं. परक्या माणसाला खुपलं, अप्पा.

त्यानंतर मी ती पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचली. ओळ न ओळ. मग ह्यांच्या स्कूटरचं, मुलाच्या गाडीचं, शेजाऱ्यांच्या गाड्यांचं ऑईल बघायला लागले. नवी गाडी कशी मोकळी करायची, एकाच वेगानं रखडवायची नाही, ओझं घालायचं नाही, कधी थोडी ओढायची, कधी सोडायची, हे आता गल्लीतली पोरं मला विचारतात. "आजींना विचार" म्हणतात. तुमच्यावरच्या रागावर मी एवढं शिकले. खोटं कशाला सांगू, त्या रागाची सवय झाली होती, चहासारखी.

आता लेकीचं. तिनं स्वतःच्या पगारातून मोटरसायकल घेतली, हुबळीला कामावर जायला. हे पहिल्या दिवसापासून नाराज, "मुलीच्या जातीला स्कूटी काय वाईट होती?" मी तिच्या बाजूनं उभी राहिले. म्हटलं, हिचं इंजिन मी रुळवून देते, कसं बिघडतंय बघू. पाचशेला काळं ऑईल मी माझ्या हातानं काढलं. नवं आणायला हुबळीच्या लॅमिंग्टन रोडला गेले आणि दुकानातला सगळ्यात भारी डबा उचलला. दुकानदार म्हणाला, "अज्जी, इदु कारिंदु." हे कारचं आहे. मी म्हटलं, "अरे, कारला चालतं ते गाडीला जास्तच चांगलं. मला नको शिकवू, तुझ्या वयाएवढी वर्षं मी ऑईल ओततेय." त्यानं डबा कागदात बांधून दिला. दुकानात चार गिऱ्हाइकं होती.

आठवड्यानं गाडी चढावर नुसती ओरडायला लागली. इंजिन पळतंय, चाक हलत नाही. लेक घाबरून घरी आली. हे अंगणात, मुलगा अंगणात, सगळे माझ्या तोंडाकडं बघतात. आणि मी म्हटलं, "अर्धा क्लच दाबून चालवतेस तू. प्लेटा जाळल्यास." ती म्हणाली, "आई, मी नाही गं दाबत." मी म्हटलं, "मग काय गाडी आपोआप जळाली?" हे म्हणाले, "मी सांगत होतो." ती हेल्मेट काढून आत गेली.

दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन मी डब्याची पाठ वाचली. कारचा क्लच वेगळा, कोरडा असतो. मोटरसायकलच्या क्लचच्या प्लेटा इंजिनाच्याच ऑईलात बुडालेल्या असतात, आणि कारच्या ऑईलात घर्षण कमी करायचं जे औषध असतं, त्यानं त्या एकमेकींना धरतच नाहीत. वेळेवर बदललं तर गाडी सुधारेलही. पण ह्यांनी गिऱ्हाईक बघितलंय. रविवारी सकाळी दहाला माणूस गाडी बघायला येणार. लेक नको म्हणाली नाही. म्हणाली, "जाऊ दे, मला जमणारं नाही ते." तिला जमत होतं, अप्पा. मी रोज दारात उभी राहून बघत होते.

डबा मी तांदळाच्या पिंपामागं ठेवलाय. काल सकाळी पोहे देताना तिच्यासमोर बसले, तोंड उघडलं, आणि विचारलं मीठ बरोबर आहे का. तेव्हा मला तुमचं ते न उलटलेलं पान कळलं. कळलं म्हणून सोडलं असं समजू नका. तुम्ही माझी शाळा घालवलीत आणि वर्तमानपत्र वाचलंत, हे माझ्या मनातून जाणार नाही. पण मला विचारायचंय, कितव्या दिवसापर्यंत सांगणं सोपं होतं? कितव्या दिवशी ते हातातून गेलं? तुम्हाला माहीत असेल. माझा आज चौथा आहे.

पाकिटावर काय पत्ता घालणार, म्हणून हे पत्र पोथ्यांशेजारीच राहील. आणि तुम्ही लिहिणार नाही हे धरूनच विचारते आहे. तुमच्या उत्तराची वाट बघतेय म्हटलं की आज सांगायला नको, एवढंच त्यातलं खरं आहे. तरी लवकर लिहा, अप्पा. शनिवारपर्यंत दोन ओळी आल्या तरी पुरे.