भाऊ, तुमचं अक्षर आम्ही पुसलं नाही

प्रिय भाऊ,

आज दुपारी निखिलने पितळी नळांचा विभाग बंद करायचं ठरवलं. तुमच्याच मुलाने, तुमच्याच केबिनमध्ये. मी, तुमची जुनी मॅनेजर, समोर गप्प बसून होते. जे तिथे बोलायला हवं होतं ते इथे तुम्हाला लिहिते आहे, आणि हाही पळपुटेपणाच आहे, हे कळतंय.

दर तीन महिन्यांची आपली नियोजनाची बैठक आठवते? मुलुंडच्या गाळ्यात, मशीन बंद करून, सगळे फळ्यासमोर. मागच्या वेळी ठरलेलं मी आधी वाचायचं, ज्याने त्याने सांगायचं, झालं की नाही. एकदा मी ते गाळून थेट नव्या कल्पनांवर आले, तर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "काय गो वर्षा, बैठक म्हणजे बारसा काय? घुगऱ्यो खाऊन घराक जाऊचा?" किती हसले सगळे! मी आठवडाभर घुश्शात होते.

शेवटी तुम्ही स्वतः फळा पुसायचात. स्वतःचंच अक्षर, जराही दयामाया न दाखवता. जे अजून खरं असेल तेवढंच पुन्हा लिहायचात.

तुम्ही गेल्यावरच्या पहिल्या बैठकीत मी डस्टर उचलला, तर फोरमन तांडेलांनी मला अडवलं. "ताई, नको ना. भाऊंचं अक्षर आहे ते." निखिलचे डोळे भरून आले. मी डस्टर खाली ठेवला. आठवड्यात फळ्यावर काच बसली, काचेवर हार चढला. भाऊ, तुमच्या योजनेची आम्ही पूजा मांडली!

पहिलीच ओळ होती, 'पितळी नळ वाढवायचे.' तुम्ही लिहिलीत तेव्हा ती बरोबर होती. मग बिल्डर प्लास्टिककडे वळले. तीन बैठका सलग मागणी घसरत होती आणि आकडे माझ्याकडे होते. मी ते मांडले का? एकदा, हळू आवाजात. "बाबांनी विचार करूनच लिहिलं असेल ना?" निखिल म्हणाला, विषय संपला. इतिवृत्तात मी लिहिलं, 'आढावा घेतला.' कुठला आढावा? चहा प्यायलो, तुमच्या आठवणी काढल्या. वर त्याच ओळीच्या भरवशावर नवं मशीन आणलं.

ती श्रद्धा होती की भीती? तुमच्या आड लपणं सोपं होतं, एवढंच खरं. वेळेत बोलले असते तर त्या विभागातली अकरा माणसं दुसरीकडे सामावली असती. आता कुठेच जागा नाही.

तुमच्यावर थोडा रागही आहे. दर वेळी डस्टर तुमच्याच हातात का? तुमचं लिहिलेलं पुसायची सवय तुम्ही आम्हाला का लावली नाहीत?

निखिल म्हणतो, "सोमवारी नोटीस लावू, बाजार पडला म्हणून सांगू." तांडेलांना अजून काहीच ठाऊक नाही. सकाळी मला विचारत होते, "ताई, दसऱ्याला नव्या मशीनला जरा मोठा हार आणू काय?" मी मान हलवली. हो म्हणून!

सोमवारी नोटीस लागण्याआधी त्या अकरा जणांसमोर मी उभी राहीन. मला आधी दिसलं होतं आणि मी बोलले नाही, हे सांगेन. ते जे बोलतील ते खाली मान न घालता ऐकेन. त्याने एकाचीही नोकरी वाचणार नाही, भाऊ. तरी सांगेन.

तुमची,
वर्षा